फळ्याच्या कोपऱ्यातली संख्या

मसुरकर सरांच्या क्लासमध्ये 'आकडा' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. एखादा पोरगा चुकून बोलून गेला, की सर, हा आकडा केवढा मोठा आहे, तर सर खडू खाली ठेवायचे. अंक शून्य ते नऊ, दहाच असतात, म्हणायचे; बाकी सगळ्या संख्या, आणि त्यांना अंत नाही. आकडा लावायचा असेल तर पलीकडच्या गल्लीत जा, इथे गणित शिकवतात. पोरं खुदखुदायची. मटका बंद झाला असं सरकार म्हणतं, पण लालबागच्या पोरांना पलीकडची गल्ली म्हणजे कुठली ते बरोबर ठाऊक असतं.

क्लास म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरची एक खोली, चार बाकं आणि भिंतीलाच काळा रंग देऊन केलेला फळा. मे महिन्यात गल्लीतल्या कांडप यंत्रांवर मिरची पडायला लागली की अर्धा वर्ग शिंकायचा, आणि सर म्हणायचे, शिंका, पण हातचा विसरू नका. दिनेश मसुरकरांचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बसली, वडील घरी बसले आणि दिनेश बीएस्सी होऊन शाळाशाळांतून तात्पुरत्या जागांवर राबत राहिले. कायम कुणी केलं नाही. शेवटी त्यांनी ही खोली भाड्याने घेतली आणि आठवी ते दहावीचं गणित शिकवायला सुरुवात केली. राहायला ते त्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. बायको मालन, कणकवलीकडची, घरून डब्यांच्या ऑर्डरी घ्यायची. मुलगी एकच, पूर्वी.

पूर्वी गणितात फार हुशार होती असं काही नाही. बारावीला तिला गणितात जेमतेम पडले आणि सरांनी आठवडाभर तोंड पाडून दाखवलं. पण बापलेकीचा एक खेळ होता, तो तिने नोकरी लागल्यावरही सोडला नाही. वडाळ्याला एका गोदामात ती मालाची आवकजावक बघायची. दर सोमवारी सकाळी स्कूटरची चावी फिरवत ती आधी क्लासच्या खोलीत शिरायची आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक लांबलचक संख्या लिहायची. सरांनी रविवारपर्यंत तिचे अवयव पाडायचे. कॅल्क्युलेटर वापरायचा नाही. पूर्वी स्वतः मात्र मोबाईलवर दोनतीन संख्यांचा गुणाकार करून ती तयार करायची, आणि कधीकधी मुद्दाम अशी द्यायची की जिचे तुकडेच होत नाहीत. सर हरले तर रविवारचे बांगडे त्यांनी साफ करायचे. सरांना खवल्यांची शिसारी होती, त्यामुळे ते सहसा हरत नसत.

त्या कोपऱ्याची चाळीत ख्याती होती. तळमजल्यावरचे कोंडीराम तावडे, गिरणीतून सुटलेले म्हातारे, दर सोमवारी खिडकीतून डोकावून त्या संख्येचे शेवटचे दोन अंक पाठ करून जायचे आणि लावायचे. एकदा लागलाही. त्या दिवशी त्यांनी पूर्वीला जिलेबी आणून दिली आणि सरांनी ती खायला नकार दिला.

मालनला या खेळात जागा नव्हती. तिला ते दोघं काय बोलतात ते कळत नसे आणि ते समजावून सांगायची तसदी कुणी घेतली नव्हती. फक्त एकदा, पूर्वी पाचवीत असताना, सर तिला जोडमूळ संख्या शिकवत होते. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणी भागू शकत नाही अशी. आणि अशा दोन संख्यांच्या मध्ये एकच संख्या आली की त्यांना जोडमूळ म्हणायचं. अकरा आणि तेरा. सतरा आणि एकोणीस. मालन शेगडीपाशी भाकऱ्या थापत होती. पूर्वी म्हणाली, म्हणजे तुम्ही आणि आई, आणि मध्ये मी. मालन हसली होती. गणितातलं तिला तेवढं एक कळलं होतं, आणि ते तिने लक्षात ठेवलं.

शेवटच्या सोमवारी पूर्वीने कोपऱ्यात लिहिलं: १७२८८९६३. एक कोटी बाहत्तर लाख अठ्ठ्याऐंशी हजार नऊशे त्रेसष्ट. घाईत लिहिल्यामुळे मधले दोन आठ एकमेकांवर रेलले होते. सर दारात चहा पीत उभे होते. ती जाताना म्हणाली, "बाबा, या वेळी सोप्पं आहे. नीट बघितलंत ना, तर लगेच दिसेल." सर म्हणाले, बघू. ती स्कूटर काढून गेली.

त्याच आठवड्यात वडाळ्याहून येताना तिची स्कूटर घसरली. कुणाची टक्कर नाही, कुणाची चूक नाही. रस्त्यावर तेल सांडलेलं होतं आणि हेल्मेटचा पट्टा लावलेला नव्हता. अंगावर म्हणावं तर खरचटलेलंच. मार लागला तो सगळा डोक्याला.

इस्पितळात ती दोन दिवस यंत्रावर होती. छाती वरखाली होत होती, हात गरम होते, आणि डॉक्टर सांगत होते की मेंदू संपलाय, हा श्वास यंत्राचा आहे. सरांना ते वाक्य कळलं. त्याची फोड करून सांगा असं कुणी म्हटलं असतं तर त्यांनी सांगितलीही असती. पण आत काही हललं नाही. उलट त्यांना भूक लागली. खाली कॅन्टीनमध्ये जाऊन त्यांनी इडली खाल्ली, चटणी आंबट आहे असं त्यांच्या मनात आलं, आणि हात धुऊन ते परत वर येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण बाई आली. गळ्यात ओळखपत्र, आवाज हळू. तिने खुर्ची ओढून घेतली, दोघांच्याही हातांवर हात ठेवला आणि म्हणाली, "सर, अवयवांचा निर्णय घ्यायचाय."

सरांनी मान वर केली आणि विचारलं, "कोणत्या संख्येचे?"

बाईला वाटलं, ते किती अवयव असं विचारतायत. ती समजुतीने सांगत गेली: हृदय, यकृत, दोन मूत्रपिंडं, डोळे. सर ऐकत राहिले. प्रत्येक नावाला मान हलवत राहिले. मग म्हणाले, हो. कागद पुढे आला, त्यांनी सही केली. मालनने भिंतीकडे बघत सही केली. तिची सही नेहमी तिरकी जायची, त्या दिवशी सरळ आली.

सर काय म्हणाले ते त्या बाईला कळलं नव्हतं. मालनला मात्र कळलं. तीस वर्षं तो शब्द तिच्या घरात भाजीच्या नावांसारखा वावरत होता. या संख्येचे अवयव पाडा, त्या राशीचे अवयव पाडा. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथे तिला कुणी दिसलं नाही.

पुढचं वर्ष मसुरकर सर नीट वागले. बारावं तेरावं झालं, क्लास सुरू झाला, परीक्षा झाल्या, पोरं पास झाली. दाढी रोज केली. विनोद झाला की योग्य जागी हसले. साखर संपली म्हणून मालनने एकदा बिनसाखरेचा चहा दिला, तर तो पिऊन कप विसळून ठेवला. समाचाराला येणारी माणसं म्हणायची, सर फार धीराचे. माणसांचं एक असतं, समोरचा रडला नाही की त्यांना तो धीरच वाटतो. खरं म्हणजे सरांना काहीच होत नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई टोचतो, मग आपलाच ओठ चाचपून बघावा लागतो, तसं त्यांचं झालं होतं. ते रात्री निवांत झोपत होते, आणि याची त्यांना लाज वाटायला हवी होती, तीही वाटत नव्हती.

एवढंच झालं होतं, की त्यांच्या तोंडचा एक शब्द हरवला होता.

आठवीच्या पुस्तकात अवयवांवर आख्खा धडा आहे. सर फळ्यासमोर उभे राहायचे, राशी लिहायचे आणि म्हणायचे, आता याचे... आणि थांबायचे. मग म्हणायचे, फोडा. कधी म्हणायचे, तुकडे करा. कधी सरळ इंग्रजी शब्द, फॅक्टर. सेमी इंग्रजीच्या पोरांचं त्यात काही अडलं नाही. एका चुणचुणीत मुलीने मात्र विचारलं की सर, परीक्षेत 'फोडून दाखवले' असं लिहिलं तर मार्क कापतील का. सर म्हणाले, तू पुस्तकातलं लिही. त्याच धड्यात दोन वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र येतं. मोठी संख्या आली की आधी जवळचा पूर्ण वर्ग शोधा, दोघांत फरक किती ते बघा, फरकही वर्ग निघाला तर संख्या तुमच्या हातात आली: हे सर दरवर्षी रंगवून सांगायचे. त्या वर्षीही सांगितलं. फक्त फळ्याच्या उजव्या कोपऱ्याकडे पाठ करून सांगितलं.

कारण कोपऱ्यातली संख्या अजून तिथेच होती. ती पुसायची हिंमत कुणी केली नव्हती. पोरं फळा पुसताना डस्टर तिच्याभोवती वळवून न्यायची. कोंडीराम तावड्यांनी खिडकीतून डोकावणं सोडलं होतं, आणि शेवटचे त्रेसष्ट त्यांनी कधीच लावले नाहीत, असं त्यांनी स्वतःच एकदा सरांना सांगितलं. सरांनी बरं म्हटलं.

रोज क्लासच्या आधी सर खाली यायचे आणि त्या संख्येला एका मूळ संख्येने भागून बघायचे. एकाच. तीनपासून सुरुवात केली. अंकांची बेरीज चव्वेचाळीस, म्हणजे तीनने जात नाही. झालं त्या दिवसाचं काम. दुसऱ्या दिवशी सातने, बाकी उरली सहा. मग अकरा, मग तेरा. भागाकार मांडायचा, बाकी बघायची, पुसायचं. गणिताच्या मास्तराने करावं असं हे काम नव्हे. एवढ्या मोठ्या संख्येला असं क्रमाने भागत बसणारा पोरगा त्यांच्या क्लासमध्ये असता तर त्यांनी त्याला बाकावर उभा केला असता. सरांना हे कळत होतं. पूर्वी म्हणाली होती, नीट बघितलंत तर लगेच दिसेल. म्हणूनच ते नीट बघत नव्हते. जोवर ती संख्या अखंड होती तोवर डाव चालू होता, आणि डाव पूर्वीने टाकलेला होता. तो संपला की पुढच्या सोमवारी कोपऱ्यात नवीन संख्या यायला हवी होती. ती लिहिणार कोण, हा प्रश्न त्यांना पडू द्यायचा नव्हता.

मालन त्या वर्षात खोलीकडे फिरकली नाही. डबे करत राहिली. येणारेजाणारे सांगायचे, वहिनी, पूर्वी गेली कुठे, ती चारसहा जणांत जिवंत आहे. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि ऐकणाऱ्याची झोप जाते. मालन दादरला भाजी आणायला गेली की पुलाच्या जिन्यावर रेंगाळायची. कुणी तरुण बाई दम न लागता भराभर वर चढली की ती तिच्या छातीकडे बघत राहायची. कुणाला काय मिळालं ते सांगत नाहीत, तसा नियमच आहे, हे तिला माहीत होतं. तरी ती बघायची. घरी येऊन नवऱ्याला यातलं काही सांगत नसे. सांगणार कुणाला? तो माणूस कप विसळत असायचा.

वर्ष उलटून गेल्यावर एका दुपारी त्या इस्पितळातल्या बाईचा फोन आला. सरांना फोन कानाला लावून नीट ऐकू येत नाही म्हणून ते स्पीकरवर बोलतात, त्यामुळे मालनने सगळं ऐकलं. दादरला एका सभागृहात कार्यक्रम होता. अवयवदात्यांच्या कुटुंबांचा सत्कार. शाल, नारळ, आणि सर, तुम्ही शिक्षक आहात, दोन शब्द बोलाल ना? सर म्हणाले, बघतो. फोन ठेवून त्यांनी मालनला सांगितलं की आपण नको जायला, नाहीतरी त्या दिवशी दहावीची जादा बॅच आहे.

मालन पोळपाट पुसत होती. ती म्हणाली, मी येणार. सरांनी चकित होऊन बघितलं. तिने पोळपाट भिंतीला उभा केला आणि समोर येऊन बसली. रागावली की ती गावच्या बोलीवर यायची, पण आज आवाजात राग नव्हता.

"येतलंय मी. पण आधी माका एक सांगा. तेवा तुमी त्या बाईक 'कोणत्या संख्येचे' असा कित्याक इचारलास?"

सर म्हणाले, वर्गात आहे असं वाटलं.

"मगे हो म्हटला ता कोणी?" मालन म्हणाली. "थय माझ्या चेडवाचो बापूस होतो, की मास्तर होतो?"

वर्षभर ती याच एका गोष्टीवर अडली होती. मुलीचे अवयव दिले याचं तिला दुःख नव्हतं. कुणी विचारलं असतं तर तिनेही दिलंच असतं. पण पोटच्या पोरीबद्दल हो म्हणायला त्या खुर्चीत कुणी माणूस हजर होता की नव्हता, एवढं तिला कळायला हवं होतं. माणूस नसेल, तर पूर्वीला तिच्या बापाने निरोपच दिला नव्हता. एका मास्तराने गणित समजून सोडवलं होतं.

सर उठले. चपला न घालताच जिना उतरून खाली खोलीत आले. क्लासला अजून वेळ होता. उन्हाचा पट्टा फळ्यावर आला होता आणि त्यात कोपऱ्यातली संख्या पांढरी धोप दिसत होती. सवयीने त्यांनी खडू उचलला. कालपर्यंत १९९७ ने भागून झालं होतं. आज पाळी १९९९ ची. त्यांनी भागाकार मांडला. बाकी उरली सोळाशे अकरा. इथे रोज ते डस्टर घेत. आज घेतलं नाही. १९९७, १९९९, हे जोडमूळ आहेत, असं त्यांच्या मनात आलं, आणि मान आपोआप वर कोपऱ्याकडे गेली.

मग त्यांनी ती संख्या नीट बघितली.

जवळचा वर्ग शोधा. चार हजार दोनशेचा वर्ग फार मोठा होतो, चार हजार एकशेचा लहान. चार हजार एकशे साठचा किंचित मोठा. त्यातून दोन कमी करू. चार हजार एकशे अठ्ठावन्न. फळ्यावर मांडायचीही गरज पडली नाही, तरी त्यांनी मांडलं, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. ४१५८ चा वर्ग: १७२८८९६४.

पूर्वीची संख्या त्याहून एकने कमी. एवढंच होतं. पूर्ण वर्गातून एक वजा. आठवीतल्या पोरालाही यावं. एक इकडे, एक तिकडे. त्यांनी खाली लिहिलं: ४१५७, थोडी जागा सोडून, ४१५९. दोन्ही मूळ संख्या आहेत का हे त्यांनी तपासलं, आणि आहेत हे तपासायच्या आधीच त्यांना माहीत होतं. पोरीने मोबाईलवर शोधून शोधून जोडमूळ जोडी काढली होती, एवढी मोठी. पाचवीतलं तिच्या लक्षात राहिलं होतं. मधली ४१५८ मात्र त्या संख्येच्या अवयवांत कुठेच येत नव्हती.

दारात मालन उभी होती. हातात त्यांच्या चपला होत्या. त्या तिने उंबऱ्यापाशी ठेवल्या आणि आत आली.

"फुटलो?" तिने विचारलं.

सर हो म्हणाले. आताच फुटली, बघितल्याबरोबर. मग इतके दिवस काय करत होतात, असं तिने विचारलं नाही. पोरांच्या बाकावर बसून ती फळ्याकडे बघत राहिली. दोन संख्यांच्या मध्ये ती जागा कशाला सोडलीत, एवढंच तिने विचारलं. सरांनी सांगितलं, तिथे एक संख्या असते, पण ती यात नाही. मालनने मान हलवली. ते तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"मास्तर होतो मी तिथे," सर म्हणाले. "तू विचारलंस ना. बाप नव्हता. त्या बाईने अवयव म्हटलं आणि मला ही फळ्यावरची संख्या दिसली. ही सोडवायची राहिली होती. मी हो म्हटलं ते हिच्यासाठी म्हटलं."

वर्षात पहिल्यांदा तो शब्द त्यांनी उच्चारला होता. बोलून झाल्यावर तो त्यांनाच ऐकू आला.

"आणि आज इचारला तर?"

"आज विचारलं तर हो म्हणेन. पण आधी तिच्या हाताला हात लावीन. मी लावलाच नाही, मालन. तो गरम होता असं तू सांगितलंस म्हणून मला माहीत."

मालनने पदराने नाक पुसलं. बाहेर गल्लीत कुणीतरी टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत होतं. मग तिने फळ्याकडे बोट केलं आणि विचारलं, म्हणजे आता मोडलो तो आकडो? संपलो?

नाही, सर म्हणाले. मोडत नाही. हेच तर गणितात आहे. कितीही मोठी संख्या घे, तिचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, आणि त्यांचा गुणाकार केला की परत तीच संख्या येते. काही हरवत नाही. हे ते तीस वर्षं शिकवत आले होते, आणि त्याच सुरात त्यांनी ते सांगितलं.

"मगे करा गुणाकार," मालन म्हणाली.

सरांनी तिच्याकडे बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. बाकावर दोन्ही हात ठेवून, पहिल्या रांगेतल्या पोरीसारखी ती वाट बघत होती. सर वळले आणि त्यांनी गुणाकार मांडला. चार हजार एकशे सत्तावन्न गुणिले चार हजार एकशे एकोणसाठ. एकेक ओळ खाली येत गेली. ते हातचे पुटपुटत होते आणि मालन प्रत्येक हातच्याला मान हलवत होती, जणू तिने तो हातात घेऊन ठेवलाय. चार ओळी झाल्या. त्यांनी रेघ ओढली आणि बेरीज करत उजवीकडून डावीकडे आले. तीन. सहा. नऊ. आठ. आठ. दोन. सात. एक.

मालन उठून फळ्यापाशी गेली. एक बोट वर पूर्वीच्या संख्येवर आणि एक बोट खाली ठेवून ती एकेक अंक मोठ्याने वाचत गेली. एक, एक. सात, सात. दोन, दोन. आठांपाशी ती थांबली. वरचे दोन आठ एकमेकांवर रेललेले होते. खालचे दोन मास्तरी वळणाचे, ताठ, मध्ये बोटभर जागा सोडून उभे होते. तिने उरलेले अंक न वाचताच हात खाली घेतला.

"आकडो तोच आसा," ती म्हणाली. "अक्षर तिचा नाय."

सरांनी तिला सुधारलं नाही. मालनने बाकावरचं डस्टर उचललं आणि खालचा गुणाकार पुसायला घेतला, रेघ, हातचे, ओळी, सगळं. कोपऱ्यातली संख्या तेवढी हात वळवून सोडली. बाहेर पोरांच्या चपलांचा आवाज यायला लागला होता. मसुरकर सर पहिल्या बाकावर, आत्तापर्यंत ती बसली होती तिथे, खाली बसले, आणि पूर्वी मेली हे त्यांना पहिल्यांदा लागलं.